दाराबाहेरची दहा मिनिटं

पडद्यावर एका वेळी सोळा चेहरे यायचे. पंधरा रागावलेले नाहीतर रडवेले, आणि एक हसरा. हसऱ्यावर बोट ठेवायचं, की पुढचे सोळा हजर. असं रोज वीस मिनिटं. माझा धाकटा भाऊ टॅबलेट मांडीवर घेऊन बसायचा आणि त्याचं बोट हवेतच थांबायचं. मी शेजारी शेंगा सोलत बसलेली असायची. पहिले दोन दिवस मी तोंड मिटून होते. तिसऱ्या दिवशी मला राहवलं नाही. "अरे, तो काय खालच्या ओळीत, चष्मेवाला," म्हणत मीच बोट टेकवलं.

बत्तीस वर्षं मी धारवाडच्या एका मराठी शाळेत गणित शिकवलं. कुणी समोर चुकत असताना हात मागं ठेवणं मला कधीच जमलं नाही. पोरांच्या गृहपाठात आईबापांचं अक्षर दिसलं की त्या आईबापांना बोलावून मी चांगली खरडपट्टी काढायची. आणि तीच मी बासष्टाव्या वर्षी माझ्या पन्नाशीतल्या भावाचा गृहपाठ करून देत होते.

भाऊ कलघटगीला सरकारी कचेरीत कारकून. लग्न टिकलं नाही, तेव्हापासून तिथंच एका खोलीत एकटा राहायचा. दर रविवारी माझ्याकडे धारवाडात, सप्तापूरला जेवायला यायचा. माझे यजमान गेल्यावर तेवढाच एक जण माझ्या हातची भाकरी खाणारा उरला होता. मग त्याचे रविवार चुकायला लागले. फोनवर दोन शब्दांवर तिसरा बोलेना. कचेरीतल्या एका शिपायानं मला कळवलं, साहेब कागद पुढ्यात घेऊन बसतात आणि संध्याकाळी तोच कागद पुढ्यात असतो. मी गेले तेव्हा खोलीत बाजारातून आणलेली भाजी पिशवीतच सडलेली होती. "अक्का, चिरायची होती," म्हणाला. एवढंच. मी त्याला सामानासकट घेऊन आले.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि हुबळीच्या एका समुपदेशक बाईंकडे पाठवलं. कमरीपेठेच्या तोंडाशी, खाली भांडी दुरुस्त करणाऱ्याचं दुकान आणि वर त्यांच्या दोन खोल्या. बाई माझ्या मुलीच्या वयाच्या, बोलणं कानडी, पण मराठी सगळं समजायचं. मनाच्या दुखण्यावर मेंदूचा व्यायाम कसला, असं मी पहिल्याच दिवशी त्यांना विचारलं, आणि तेही जरा ठसक्यातच. त्यांनी शांतपणे सांगितलं. उदासी जुनी झाली की लक्ष आणि आठवण दोन्ही लुळी पडतात. तुमचा भाऊ वाक्य सुरू करतो आणि मध्येच धागा सोडतो, बघितलंत ना? मनात काय आहे ते बोलायचं, तर बोलणं शेवटापर्यंत धरून ठेवण्याची ताकद हवी. ती ताकद व्यायामानं येते का बघू. नुसता व्यायाम केला तर तरतरी येईल, पण आतलं ओझं तिथंच राहील. नुसतं बोलायला बसवलं तर अर्ध्यावर अडेल. म्हणून दोन्ही बरोबर चालवायचं. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, हेही त्यांनी आधीच सांगून टाकलं.

तर आठवड्यातून दोनदा आम्ही बसनं हुबळीला जायचो. आधी अर्धा तास पडद्यावरचे व्यायाम, मग तासभर बोलणं. आमच्याकडे आजारी माणसाबरोबर घरचं माणूस आत बसतंच, त्यामुळे मीही खुर्ची ओढून बसले. बाई त्याला विचारायच्या आणि उत्तर मी द्यायची. झोप लागते का? "पहाटे चारला जागा होतो." जेवण? "अर्धी भाकरी, तीही मी मागं लागले तर." लहानपणी कसे होतात तुम्ही? "हुशार होता हो, फक्त धांदरट." भाऊ तोंड उघडायचा, मी पुढं व्हायची, तो तोंड मिटायचा. मला वाटायचं मी त्याचे कष्ट वाचवते आहे.

आईवडिलांबद्दल विचारलं तेव्हाही मीच सांगितलं. आई गेली तेव्हा हा चार वर्षांचा आणि मी सोळाची. त्याला मी वाढवला. अप्पा एका वकिलाकडे कारकून होते. मी चोविसाव्या वर्षी शाळेत लागले आणि हा माझ्याच वर्गात सातवीला. बहिणीच्या वर्गात भाऊ म्हणजे लोकांच्या नजरा असणारच. म्हणून शाळेत अक्का म्हणायचं नाही, सगळ्यांसारखं बाई म्हणायचं, असा मी नियम केला. दोन गुण त्याला कमीच द्यायची, पण कुणी नावं ठेवू नयेत. आणि अप्पा गेले तो दिवस म्हणजे माझ्या पहिल्या तपासणीचा. मागच्या बाकावर शिक्षण खात्याचे साहेब बसलेले. मी काळ-काम-वेगाचं गणित फळ्यावर पुरं केलं, घंटा झाली, मग निरोप आला की अप्पा पडलेत. घरी पोचेपर्यंत संपलं होतं. साहेबांनी शेरा मात्र उत्तम लिहिला.

ही हकिकत मी आयुष्यभर सांगत आले. लग्नात, शाळेच्या निरोपसमारंभात, नव्या शिक्षिकांना. मला तिचा अभिमान होता, हे कबूल करते. त्या दिवशी बाईंनी माझ्याकडे बघितलंच नाही. त्या भावाकडे बघत होत्या. तो टेबलावरच्या पाण्याच्या तांब्याकडे बघत होता.

घरी व्यायामाचे आकडे चढत होते. चेहऱ्यांच्या खेळात शंभरात नव्वद. चित्रांच्या खेळातही तसंच. तिथं एकामागून एक चित्रं यायची, आणि दोन चित्रांआधीचं चित्र परत आलं की बटण दाबायचं. छत्री, कुलूप, छत्री. मी खोकायची, तो दाबायचा. संध्याकाळी मी गुणांचा फोटो काढून बाईंना पाठवायची. खाली लिहायची, प्रगती समाधानकारक. वर्षानुवर्षं प्रगतिपुस्तकावर लिहिलेले शब्द हातातून आपोआप उतरायचे.

तिसऱ्या आठवड्यात बाईंनी दोन कागद समोर ठेवले. एकावर घरचे आकडे, दुसऱ्यावर त्यांच्याकडचे. घरी नव्वद, इथं अडतीस. "घरचा अभ्यास कोण करतं?" त्यांनी विचारलं. भाऊ खाली बघून हसला. कितीतरी महिन्यांनी हसला होता, तेही माझ्या चोरीवर. बाई मात्र हसल्या नाहीत. माझ्या आकड्यांवर विसंबून त्यांनी व्यायाम कठीण केले होते, बोलण्यातही खोल गेल्या होत्या, आणि त्याचा परिणाम म्हणजे गेल्या दोन्ही वेळा तो घामाघूम होऊन अर्ध्यातून उठून गेला होता. मला वाटलं होतं, उन्हाचा त्रास.

"अक्का, नीव होरग कूडरी," त्या म्हणाल्या. तुम्ही बाहेर बसा. आवाजात राग नव्हता. पण बाहेर उभं राहा असं आयुष्यभर मी दुसऱ्यांना सांगितलेलं. मला कुणी सांगितल्याची ही पहिलीच वेळ.

बाहेर एक लाकडी बाक होता. तिथं मी चार महिने काढले. खालून भांड्यांवरची ठोकाठोक ऐकू यायची, दारामागून काही नाही. सुरुवातीला मी अपमानानं धुमसायची. मग स्वेटर विणायला घेतला. घरीही टॅबलेट तो आपल्या खोलीत घेऊन बसायचा, दार लोटून. मी स्वयंपाकघरात भांडी जरा जोरात आपटायची. आकडे आता खरे होते आणि खरे म्हणजे वाईट होते. चाळीस, पस्तीस, एकदा तर एकोणतीस. पण तो रोज बसायचा. हळूहळू पन्नास झाले, मग साठाच्या आसपास रेंगाळले. आणि एका संध्याकाळी बसस्टँडजवळ गिरमीट खाताना त्यानं मला कचेरीतल्या एका बदलीची गोष्ट सांगितली. कोण, कुठून, कुणाच्या जागी, आणि शेवटी कशी फजिती झाली. सुरुवात, मध्य, शेवट, सगळं जागच्या जागी. मी चुरमुऱ्यांचा घास तोंडात तसाच धरून ऐकत होते. बोलले नाही, शपथ. मला माझा भाऊ परत मिळतोय, असं त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

त्यानंतर पंधरा दिवसांनी बाईंनी दार उघडून मला आत बोलावलं. भावाला तुमच्याशी काही बोलायचं आहे, त्याचं बोलणं संपेपर्यंत तुम्ही मध्ये बोलायचं नाही, एवढी एकच अट. मी मान हलवली आणि हात मांडीवर धरून बसले.

तो म्हणाला, "अक्का, निरोप आला असं तू सांगतेस. निरोप मी आणला होता."

मग त्यानं सगळं सांगितलं. कुठंही धागा सुटला नाही. त्या दिवशी त्याला ताप होता म्हणून मी त्याला घरी ठेवलं होतं. अप्पा कोर्टात निघता निघता न्हाणीपाशी पडले. घरात दुसरं कुणी नव्हतं. तो तसाच, अनवाणी, शाळेपर्यंत पळत आला. वर्गाच्या दारात उभा राहून "अक्का" म्हणाला. वर्ग हसला. त्याचाच वर्ग तो. मी साहेबांकडे बघितलं आणि म्हणाले, "इथं तुझी अक्का कुणी नाही. बाहेर उभा राहा. नीट हाक मारता आली की आत ये." त्यानं बाई म्हणायचा प्रयत्न केला, पण तोंडातून आवाज निघेना. आत मी फळ्यावर गणित सोडवत होते. तो दाराबाहेर भिंतीला टेकून घंटा होण्याची वाट बघत राहिला. दहा मिनिटं.

"मला एवढंच म्हणायचं होतं, की अप्पा पडलेत, चल. तीन-चार शब्द. ते मला म्हणता आले नाहीत म्हणून अप्पा गेले. मला अजून तसंच वाटतं."

यावर मी काय म्हणाले ते लिहायला मला लाज वाटते. पण लिहिते. मी म्हणाले, "असं काही झालंच नव्हतं. तू तापात होतास, तुला भास झाला असेल."

उत्तर चूक दिसलं की खोडायचं, तसं खोडलं मी. त्याचा चेहरा बघता बघता बंद झाला. परतीच्या बसमध्ये तो खिडकीकडे तोंड करून बसला आणि उतरल्यावर माझ्यापुढं चालत राहिला. दुसऱ्या दिवशी टॅबलेट टेबलाच्या खणात गेला. पुढच्या वेळी हुबळीला यायला तो तयार झाला नाही. भाकरी परत अर्धी झाली, मग तीही ताटात राहायला लागली. बाईंनी फोनवर मला एकच सांगितलं, त्याला एकटा सोडू नका आणि डॉक्टरांना आजच दाखवा. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या. मी त्याच्या खोलीबाहेर खुर्ची टाकून बसायची. अडतीस वर्षं त्यानं आत धरून ठेवलेलं वाक्य पुरं करायची ताकद त्याला महत्प्रयासानं आली होती, आणि ते मी एका श्वासात पुसलं होतं. तो आता परत कधी बोललाच नाही तर, या भीतीनं मी रात्रीही उठून त्याच्या दाराला कान लावायची.

त्या खुर्चीवर बसून मी तो दिवस आठवायचा प्रयत्न केला. माझी आठवण चांगली, असा माझा लौकिक. फळ्यावरचं गणित मला आकड्यांसकट आठवत होतं. साहेबांचा कोट आठवत होता. मुख्याध्यापकांच्या स्कूटरवर मागं बसून घरी गेले, तेही आठवत होतं. निरोप कुणी आणला, तिथं मात्र काहीच नव्हतं. कुणीतरी येऊन सांगितल्याशिवाय मला कळलं कसं, हा साधा प्रश्न मला इतक्या वर्षांत पडला नव्हता.

एका दुपारी मला शेजारची आजी आठवली. लिंगायत घरातली, अप्पांना मानणारी. त्या दिवशी घरात माणसं जमलेली, अप्पांना बाहेरच्या खोलीत ठेवलेलं, आणि भाऊ एका कोपऱ्यात उभा होता. आजी त्याच्याजवळ जाऊन म्हणाली होती, "तम्मा, विभूती यार हच्च्यार?" बाळा, तुला विभूती कुणी लावली? त्याच्या कपाळावर पांढरे पट्टे होते. इतकी वर्षं मला वाटत होतं, कुणीतरी मठातून आलं असेल, लावली असेल. हे आठवल्यावर मी खुर्चीतून उठले आणि परत बसले.

विभूती नव्हती ती. खडू होता. घंटा झाल्यावर मी वर्गाबाहेर आले होते, आणि रागवायच्या आधी सवयीनं त्याच्या कपाळावर हात ठेवून ताप बघितला होता. माझ्या बोटांना खडू लागलेला. कपाळ तापलेलं होतं. मग तो रडत काहीतरी म्हणाला, आणि मुख्याध्यापक धावत आले. हे सगळं एकदम आलं, आणि हात ठेवल्याबरोबर जाणवलेली ती कपाळाची धगही आली. तो खरं बोलत होता. मी माझी गोष्ट सांगून सांगून इतकी नीटनेटकी केली होती की त्यातून माझा भाऊच खोडला गेला होता. आणि तो प्रत्येक वेळी शेजारी बसून ती ऐकत आला होता.

अप्पांना डॉक्टरांनी तेव्हाच बघितलं होतं. पडले तेव्हाच सगळं आटोपलं होतं, दहा मिनिटांनी काही फरक पडला नसता, असं त्यांनी मला सांगितलं होतं. मला सांगितलं, मोठी म्हणून. बारा वर्षांच्या पोराला ते सांगायचं कुणालाच सुचलं नाही. मलाही नाही.

मी त्याच्या खोलीत गेले. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. मी पलंगाच्या कडेला बसले आणि म्हणाले, "तू आला होतास. तुझ्या कपाळाला माझा खडू लागला होता. मी खोटं बोलले नाही रे, मी विसरले. पण ते त्याहून वाईट." डॉक्टर काय म्हणाले होते तेही सांगितलं. तो हलला नाही. मला वाटलं, झोपलाय. भिंतीकडे तोंड ठेवूनच त्यानं विचारलं, "खरंच पडले तेव्हाच?" मी हो म्हणाले. मग तो रडला. लहान असताना रडायचा तसा, नाक ओढत. मीही रडले. माफ केलं असं तो म्हणाला नाही, आणि मी माफी मागितलीही नाही.

चार दिवसांनी, संध्याकाळची वेळ होती, मी कुकर लावत होते. तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. उंबऱ्याच्या बाहेरच. हातात काही नव्हतं. त्यानं दोनदा तोंड उघडलं. माझ्या जिभेवर शब्द आले, काय हवंय, चहा टाकू का, आणि मी ते गिळले. कुकरचं झाकण हातात धरून थांबले.

"अक्का," तो म्हणाला, "अप्पा पडलेत. चल."

मी गॅस बंद केला. पदराला हात पुसले आणि चपला घातल्या.

आमचं जुनं भाड्याचं घर सप्तापुराहून चालत अर्ध्या तासावर. माझे गुडघे दुखतात, तरी मी भराभर चालले, आणि तो माझ्यापेक्षा भराभर. रस्ता ओलांडताना त्यानं माझं मनगट धरलं. घर आता राहिलेलं नाही. तिथं मोबाइलच्या काचा बदलून देणाऱ्याचं दुकान आहे, पांढऱ्या दिव्यांनी लखलखलेलं. न्हाणी होती त्या जागी काउंटर. दुकानदार तरुण होता. दोन म्हातारी माणसं धापा टाकत दारात उभी बघून त्यानं विचारलं, "एन बेकरी?"

काय हवं होतं मला? मी तोंड उघडलं. बत्तीस वर्षं वर्गापुढं न अडखळता बोललेली मी, आणि एक शब्द बाहेर पडेना.

भावानं माझं मनगट सोडलं नाही. "एनिल्लरी," तो दुकानदाराला म्हणाला, "नम्म अक्कागं स्वल्प वेळ द्या." अर्धं कानडी, अर्धं मराठी: काही नाही, माझ्या बहिणीला जरा वेळ द्या. मग माझ्याकडे वळून हळू म्हणाला, "घाई नाही, अक्का. मी आहे इथं."